भीती वाटू न देणारं घर

हे सगळं घडलं ते दोन हजार एकोणचाळीस साली. त्या सालच्या दसऱ्याला सुरू झालं आणि पुढच्या शिमग्याच्या आत संपलं. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते आणि माझी केतकी तीन महिन्यांची.

त्या वर्षी कोल्हापूरच्या बाजूला पहिली मनोगृहं उभी राहिली. आता कुणाला त्यांचं अप्रूप नाही. मी राहते त्या गल्लीतही अशी तीन घरं आहेत आणि त्यांतून कधी भांड्याला भांडं लागल्याचा आवाज येत नाही. पण तेव्हा लोक रविवारी गाड्या काढून ती घरं बघायला यायचे. फाटकाबाहेर उभे राहून मोठ्या काचेतून आत डोकवायचे आणि आतली माणसं किती निवांत दिसतात असं म्हणत परत जायचे. त्यांतलं एक घर आमचं होतं. पन्हाळ्याच्या रस्त्याला, डोंगराकडे तोंड करून बांधलेलं.

ते बांधलं माझ्या सासऱ्यांसाठी. आमच्याकडे सासूला आत्या आणि सासऱ्यांना मामा म्हणतात. मामा साखर कारखान्यात केमिस्ट होते. निवृत्तीच्या आदल्या वर्षी त्यांना हृदयविकाराचा मोठा झटका आला आणि डॉक्टरांनी सांगितलं की आता यांच्या मनावर ताण येता कामा नये. शहरातल्या घरात ताणाशिवाय दुसरं काय होतं? खाली फर्निचरवाल्याचं दुकान, वर भाडेकरू, समोर मंगल कार्यालय. इंद्रजितने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, ते घर विकून हे बांधायला घेतलं. वडिलांवर त्याचा फार जीव होता. ते मला लग्नाआधीपासून ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

मामांना त्या घराचं शास्त्र सांगायला फार आवडायचं. माणूस घाबरला किंवा चिडला की त्याच्या श्वासातून, घामातून काही वायू अगदी किंचित जास्त बाहेर पडतात. नाकाचा शेंडा थंड पडतो. आवाजाची पट्टी चढते, पाऊल टाकण्याची लय बिघडते. आपल्याला यातलं काही कळत नाही, पण भिंतींतल्या आणि फरशीखालच्या यंत्रांना कळतं. प्रत्येक खोलीतल्या प्रत्येक माणसाच्या मनावर त्या क्षणी किती ताण आहे, याचा एक आकडा घराकडे असतो. मग घर आपल्या परीने तो आकडा खाली आणतं. उजेड बदलतं, हवा गार किंवा उबदार करतं, एखादा वास सोडतं, श्वास संथ करणारा एक खालचा सूर लावतं. नको असलेला आवाज तर ते मारूनच टाकतं. आवाजाच्या लाटेवर बरोबर उलटी लाट सोडली की दोन्ही एकमेकींना गिळतात, असं मामा सांगायचे, आणि दोन्ही हातांचे पंजे एकमेकांत अडकवून दाखवायचे.

कुणाचं मन कशाने निवतं हे मात्र घराला आधी शिकावं लागे. त्यासाठी पहिला सव्वा महिना ठरलेला असायचा. त्या काळात घर काही करत नाही, नुसतं पाहतं. कंपनीच्या मानसवास्तुकार शलाका बर्वे यांनी बजावून सांगितलं होतं की त्या सव्वा महिन्यात घरातली सगळी माणसं घरात हवीत.

आणि इथेच चूक झाली. ती चूक कुणाच्या वाईट मनातून आली नाही.

मी तेव्हा पहिल्या बाळंतपणाला माहेरी होते. इचलकरंजीला. डोहाळजेवण झालं आणि सातव्या महिन्यात आई मला घेऊन गेली, जशी रीत आहे तशी. इकडे घर तयार झालं ते ज्येष्ठात. आषाढ लागला की वास्तुशांतीला मुहूर्त नाही, आणि मामांना आणखी दोन महिने त्या जुन्या घरात ठेवायला डॉक्टर तयार नव्हते. पण घरात गरोदर बाई असताना नव्या वास्तूत जाऊ नये, असं आत्यांच्या सासूबाईंपासून चालत आलेलं. आत्यांचा जीव टांगणीला लागला. शेवटी गुरुजींनी तोड काढली. सून माहेरी आहे ना? मग ती या घरात नाही असं धरायचं. तिचं गरोदरपण या वास्तूला लागत नाही.

सगळ्यांना हायसं वाटलं. फोनवर मलाही हसू आलं. आई मात्र भाकरी थापता थापता म्हणाली, "बरं झालं की. दिली पोरगी, आणि आता तिला घरात धरतच न्हाईत."

शलाकाबाईंनी रहिवाशांची नावं विचारली तेव्हा आत्यांनी तीन सांगितली. माझं सांगितलं असतं तर गुरुजींनी काढलेली वाट बंद झाली असती. ऋजुता आणि बाळ दसऱ्याला येतील, तेव्हा घालू नावं, असं ठरलं. शलाकाबाईंनी समजावून पाहिलं, पण मुहूर्तापुढे कुणाचं चालतं?

घराने सव्वा महिना पाहिलं ते असं: एक आजारातून उठलेला म्हातारा, त्याची शांत बायको, आणि दिवसभर ओतकामाच्या फौंड्रीत राबून संध्याकाळी गप्प बसणारा मुलगा. या तिघांच्या त्या संथ दिवसांनाच घराने सुख म्हणून ओळखलं.

माझं माहेर कसं होतं ते इथे सांगायला हवं. खाली तात्यांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, कापडाचे माग आणि वर आम्ही. लोकांनी केव्हाच बिनधोट्याचे नवे माग आणले होते, पण तात्या आडवा धागा फेकणाऱ्या जुन्या धोट्याच्या मागांवर अडून बसलेले. पहाटेपासून खडखडाट. जमीन हलायची, फडताळातली भांडी किणकिणायची. त्या आवाजात मी जन्मले, अभ्यास केला, तापात झोपले. वीज गेली आणि माग थांबले की आम्ही भावंडं दचकून जागी व्हायचो. आईतात्यांचं साधं बोलणंही ओरडून चालायचं, आणि भांडण तर सबंध पेठेला ऐकू जायचं. भांडण झालं की आई ताट आपटून वाढायची, तात्या अर्धी भाकरी जास्त खायचे, आणि विषय संपायचा. केतकी पहिले तीन महिने त्या खडखडाटातच झोपली.

दसऱ्याला मी तिला घेऊन नव्या घरी आले. आत्यांनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, नातीच्या गालाला काजळ लावलं. घर खरोखर सुंदर होतं. पाय ठेवला की अंगातला शीण फरशीत उतरून जातो असं आत्या म्हणायच्या. मला मात्र आत पाऊल टाकल्याबरोबर कान बधिर झाल्यासारखं वाटलं. माग थांबल्यावर वाटायचं तसंच. केतकीने भोकाड पसरलं.

आमची खोली टोकाला होती. पहिले काही दिवस पाहुण्यांत गेले. मग एका सकाळी केतकी दूध ओकली, माझे हात भरलेले, म्हणून मी आत्यांना हाक मारली. दोनदा, तीनदा. कुणी आलं नाही. तशीच तिला घेऊन बाहेर आले, तर आत्या दिवाणखान्यात, पाचसात पावलांवर, मेथी निवडत बसलेल्या.

"अगं, हाक मारायची नाही का?" त्या म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर खरं आश्चर्य होतं.

नंतर माझं आणि केतकीचं नाव घरात घातलं गेलं. पण नुसतं नाव घालून काय होणार? घर मला जोखू लागलं तेव्हा मी तीन महिन्यांची बाळंतीण होते. झोप नाही, अंगात दूध, डोळ्यांत कधीही पाणी. त्यात ती शांतता. माझा आकडा पहिल्या दिवसापासून चढा होता, आणि घराच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली: मी ज्या खोलीत जाते तिथल्या इतरांचेही आकडे चढतात. मामा बाळाच्या रडण्याने अस्वस्थ होत. आत्यांना माझी काळजी वाटे. इंद्रजितला दोन्हींची.

घराने मला कधी त्रास दिला नाही, हे मी आजही सांगेन. त्याने फक्त बाकीच्यांना माझ्यापासून दूर राहणं सोपं केलं.

संध्याकाळी इंद्रजित आला की दिवाणखान्यात त्याला आवडणारा पिवळसर उजेड पडायचा, कुठून तरी कॉफीचा वास यायचा. तो बूट काढून बसायचा तो बसायचाच. आमच्या खोलीकडे जाणारी वाट त्याच वेळी जराशी अंधारी आणि किंचित गार असायची. फार नाही, अंगावर शाल घ्यावीशी वाटेल इतकी. मी विचारलं की म्हणायचा, "येणारच होतो गं, तेवढ्यात डोळा लागला." तो खोटं बोलत नव्हता. त्याचे पाय तिकडे वळायचे नाहीत, आणि आपले पाय वळत नाहीत हे त्याला कळायचं नाही.

मी भांडायचं ठरवलं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात आम्ही चांगले कडकडून भांडलो होतो आणि प्रत्येक भांडणानंतर एकमेकांना थोडे जास्त ओळखू लागलो होतो. आता मात्र माझा आवाज चढला की मधली सरकती भिंत अलगद बंद व्हायची, किंवा त्याला जांभई यायची. माझं वाक्य अर्धं असतानाच त्याचे खांदे सैल पडायचे आणि तो म्हणायचा, उद्या बोलू. चार महिने आमचं उद्याच चालू होतं.

मी रडायचे ते माझ्या खोलीबाहेर जात नव्हतं. बाहेर येईपर्यंत डोळे कोरडे झालेले असायचे, कारण बाहेर कुणी विचारत नसे. आता डॉक्टर बाळंतपणानंतरच्या त्या उदासीला आजाराचं नाव देतात आणि औषधही देतात. तेव्हाही देत होते. पण त्यासाठी घरातल्या कुणाला तरी माझा चेहरा नीट बघायला वेळ मिळायला हवा होता.

एकच गोष्ट घराला माझ्याबद्दल नीट उमगली होती. माहेरचा विषय निघाला की माझा आकडा खाली येतो. एकदा मी कपाटावरची बॅग खाली काढली, केतकीचे लहान झालेले कपडे भरून ठेवायला म्हणून. खोलीतला उजेड एकदम सकाळसारखा झाला. हवा मोकळी झाली. दिवाणखान्याकडची वाट उजळली आणि बाहेरचं मोठं दार, कुणी हात लावला नसताना, उघडून बाजूला सरकलं. मी बॅग परत वर ठेवली. दार हळूच मिटलं.

त्या दिवशी मला पहिल्यांदा त्या घराची भीती वाटली.

जानेवारीत शलाकाबाई सहामाही तपासणीला आल्या. मी त्यांना अंगणात गाठलं. घराच्या आत मला माझंच बोलणं नीट सुचत नसे. त्या माझ्यापेक्षा थोड्याच मोठ्या होत्या, मन लावून ऐकणाऱ्या. मग त्यांनी मला सांगितलं की घर कुणा एकाला सुखी करायला बघत नाही. ते सगळ्यांच्या ताणाची बेरीज कमीत कमी ठेवतं. बेरजेत एक आकडा मोठा असेल आणि तो काही केल्या खाली येत नसेल, तर तो वेगळा काढला की बाकीची बेरीज छान जुळते.

मी विचारलं, की मग घर असं माणसांना ऐकायला कसं लावतं? औषध सोडतं का? त्या म्हणाल्या, छे, औषध मुळीच नाही. सव्वा महिन्यात घर माणसाला शिकतं आणि पुढच्या काही महिन्यांत माणूस घराला शिकतो. अंगाईचे पहिले दोन सूर ऐकले की बाळ जांभई देतं ना, तसं. तो उजेड, तो वास, तो सूर एकत्र आले की शरीर आपोआप सैल पडतं. तिघांची शरीरं आता इतकी शिकलीत की क्षणभरही लागत नाही. तुम्हाला ते कधी शिकवलंच गेलं नाही, म्हणून तुमच्यावर चालत नाही.

उपाय होता. घराचं शिकलेलं सगळं पुसायचं आणि पाचही जणांनी मिळून पुन्हा सव्वा महिना राहायचं. पण त्यासाठी नियम असा होता, की निदान दोन मोठ्या रहिवाशांनी, ज्यांच्याकडून घर शिकलंय अशा, आत उभं राहून तसं सांगायचं. आणि सांगताना त्यांचं मन स्थिर आहे असं घराला दिसायला हवं. रागाच्या भरात, घाबरून कुणी काही करून बसू नये म्हणून तो नियम.

"म्हणजे शांत असतील तेव्हाच सांगायचं," मी म्हटलं. "आणि शांत असतील तेव्हा कशाला सांगतील?"

जाताना शलाकाबाईंनी स्वतःचा फोन नंबर दिला आणि म्हणाल्या, काहीही झालं तर बाहेर या. आधी बाहेर या, मग विचार करा.

मी इंद्रजितला फाटकाबाहेर बोलावून सगळं सांगितलं. तिथे तो नीट ऐकायचा. कपाळाला आठ्या घालून, माझा हात धरून. मग म्हणाला, बाबांना त्या सव्वा महिन्यात काही झालं तर? मामांचं हृदय त्या घरात खरंच सुधारलं होतं. तो म्हणाला, काही मार्ग निघेपर्यंत तू चार दिवस इचलकरंजीला जाऊन येतेस का? अगदी प्रेमाने म्हणाला. मी नाही म्हटलं. एकदा गेले की परत बोलवायची आठवण या घरात कुणाला होणार नाही, हे मला दिसत होतं. मला माझा नवरा हवा होता, माझ्या मुलीला तिचा बाप हवा होता, आणि तो त्या काचेच्या आत होता.

मग ती दुपार आली.

केतकीला सकाळपासून ताप होता. औषध दिलं होतं, मी तिचं अंग पुसत होते. अचानक तिचे डोळे वर गेले, हातपाय ताठ झाले आणि ओठ काळेनिळे पडले. मी आत्यांना हाका मारल्या, माझ्या कानांनाही त्या पोकळ वाटल्या. इंद्रजितला फोन लावला. फौंड्रीत भट्टीजवळ फोन नेत नसत. मी तिला उचलून दिवाणखान्यात धावले. गाडी मामा चालवायचे आणि किल्ली त्यांच्या खिशात असायची.

मामा आरामखुर्चीत पेंगत होते, आत्या शेजारी लोकर विणत होत्या. आत्यांनी वर पाहिलं. बाळाचा चेहरा दिसला आणि त्या किंचाळून उठल्या. लोकरीचा गुंडा लांब घरंगळत गेला. मामाही धडपडत उभे राहिले, खिशात हात घालून किल्ली चाचपू लागले. तो एक क्षण मला माणसांत आल्यासारखं वाटलं.

मग उजेड बदलला. मऊ, सोनेरी. चंदनाचा वास आला. कुठून तरी तो खालचा सूर लागला, जो ऐकू येतो असंही म्हणता येत नाही. दोन म्हाताऱ्या माणसांचे आकडे घराने कधी पाहिले नव्हते इतके वर गेले होते, त्यातला एक दुबळ्या हृदयाचा. घराने आपलं काम केलं. माझ्या डोळ्यांदेखत आत्यांच्या चेहऱ्यावरची भीती विरघळली. आधी कपाळ, मग डोळे, मग तोंड. मामांचा हात खिशातून रिकामाच बाहेर आला आणि ते परत खुर्चीत टेकले.

"होईल गं बरी," आत्या म्हणाल्या. "ताप आला की होतं असं. बस जरा. पाणी देऊ का तुला?"

माझ्या हातांवर त्यांची नात ताठ झाली होती आणि त्या मला पाणी विचारत होत्या.

मी त्यांचं मनगट धरलं आणि ओढलं. त्या हसत हसत आल्या, लहान मुलासारख्या, अगं हो हो म्हणत. दार ओलांडलं, पायऱ्या उतरलो, अंगणातल्या मुरमावर त्यांची अनवाणी पावलं पडली आणि त्या थांबल्या. बाहेर कडक ऊन होतं, रस्त्यावरून उसाची ट्रॉली धडधडत चालली होती. त्यांनी बाळाकडे पाहिलं. मग त्यांनी असा टाहो फोडला की शेजारचे मुल्लासाहेब जेवत्या हाताने गाडी काढून आले.

झटका वाटेतच थांबला. तापातला झटका होता, तशी मुलं पुढे ठणठणीत होतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. पण दोन दिवस दवाखान्यात ठेवून घेतलं.

इंद्रजित संध्याकाळी धावत आला. दवाखान्याच्या बोळात फिनेलचा वास, कुणाची तरी मुलं रडत होती, स्ट्रेचरची चाकं कुरकुरत होती. त्याला तिथे थोपवणारं काहीच नव्हतं, आणि आम्ही भांडलो. चार महिन्यांचं. नर्सने दोनदा गप्प केलं तरी भांडलो.

"एवढं सगळं चाललं होतं तर सांगितलं का नाहीस?" तो म्हणाला.

"सांगितलं. रोज सांगितलं. घरात सांगितलं."

तो भिंतीला टेकला आणि तोंड झाकून रडला. मीही. आत्या बाकावर बसल्या होत्या. त्या कुणाकडे न बघता म्हणाल्या, "माझ्या नातीची भीती होती ती. माझी होती. कुणी काढून घेतली माझ्याकडनं?"

तिथेच ठरलं. आत्या आणि इंद्रजित आत जाऊन घराला सांगतील. सव्वा महिना मामांजवळ एक नर्स ठेवायची. मन स्थिर हवं, म्हणून इंद्रजितने घराला सांगायचं वाक्य पाठ केलं आणि आत्यांकडूनही म्हणून घेतलं. त्या रात्रीच आत्या मामांसाठी परत गेल्या. मी त्यांना जाऊ नका म्हटलं होतं. त्या म्हणाल्या, अगं, ते एकटे आहेत, भाकरी कोण टाकील.

केतकीला सोडलं त्या दिवशी आम्ही भाड्याच्या गाडीने घरी आलो. मी फाटकाबाहेर गाडीतच बसले, केतकी मांडीवर झोपलेली. इंद्रजितने तिच्या कपाळाचा मुका घेतला, माझ्याकडे पाहून मान हलवली आणि आत गेला. ओठ हलत होते; वाक्य घोकत होता.

काचेतून सगळं दिसत होतं. आत्या उठून समोर आल्या. दोघं दिवाणखान्याच्या मधोमध उभी राहिली. इंद्रजितने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि आतला उजेड पिवळसर झाला. तो थोडा वेळ तसाच उभा होता. मग त्याने मागे वळून फाटकाकडे पाहिलं. माझ्याकडेच पाहिलं. ओळखीचं हसला, हात वर केला, जसा आपण रस्त्याच्या पलीकडच्या माणसाला करतो. मग खाली बसला आणि बूट काढू लागला.

मी ड्रायव्हरला हॉर्न वाजवायला लावलं. हाका मारल्या. आत काही पोचलं नाही. आत जाऊन त्याला ओढून आणावं, जसं आत्यांना आणलं, हे मनात आलं नाही असं नाही. पण केतकीला अनोळखी ड्रायव्हरजवळ सोडवत नव्हतं, तिला घेऊनच आत जावं लागलं असतं. चार महिन्यांपासून ती त्या घरात वाढत होती, आणि परवाच्या दिवशी, झटक्याच्या आधी, अंगात एवढा ताप असताना ती अजिबात रडली नव्हती, हे मला तेव्हा आठवलं. घर तिला शिकवू लागलं होतं.

ड्रायव्हरने विचारलं, ताई, कुठं घेऊ? मी इचलकरंजी सांगितलं.

पुढचं सगळं थोडक्यात सांगते.

तात्यांनी माझ्यासाठी वरची खोली रिकामी केली. पुढे मी त्यांचा व्यवसाय पाहिला, माग विकले गेले तेव्हा शाळेत नोकरी धरली आणि निवृत्त झाले. दुसरं लग्न केलं नाही. सोडचिठ्ठीही घेतली नाही, कारण इंद्रजित दर रविवारी यायचा. इचलकरंजीत आला की तासाभरात तो जुना इंद्रजित व्हायचा. भांडायचा, रडायचा, केतकीला खांद्यावर घेऊन पेठेत फिरवायचा, उद्याच घराचा निकाल लावतो म्हणायचा. संध्याकाळी वडिलांची औषधं द्यायला म्हणून परत जायचा. पुढचा रविवार येईपर्यंत काहीच झालेलं नसायचं. पाचेक वर्षांनी रविवार कमी झाले.

शलाका बर्वे यांनी त्या नियमाबद्दल कंपनीत बरंच काही लिहिलं, मग कंपनी सोडली. त्या परदेशी गेल्या असं ऐकलं. नियम तसाच राहिला.

मामा आणखी चौदा वर्षं जगले. डॉक्टरांना त्याचं आश्चर्य वाटायचं. खुर्चीत बसल्या बसल्या गेले, चेहऱ्यावर हसू होतं. त्यांच्या दिवसांत त्या घरात कुणी रडलं नाही. भेटायला आलेली माणसंही दार ओलांडलं की गप्प व्हायची. तेरावा झाल्यावर आत्या एकट्या एसटीने माझ्याकडे आल्या. जिना चढल्या, पदर खोचला, म्हणाल्या, "ऋजुता, मला रडायचंय गं." दोन दिवस राहून रडल्या. पुढे जगल्या तोवर वर्षातून एकदा यायच्या, मामांच्या तिथीच्या सुमाराला, त्याच कामासाठी. मीही त्यांच्या शेजारी बसायचे.

केतकी आता सत्तेचाळीस वर्षांची आहे, पुण्यात असते, मोठ्याने बोलते. तिच्या दोन्ही मुलांना आजोबा ठाऊक आहेत. इंद्रजित अजून त्याच घरात आहे, एकटा. तब्येत उत्तम आहे. ती भेटायला गेली की तो दर वेळी विचारतो, ऋजू बरी आहे ना? आणि ती काहीही सांगो, त्याच्या चेहऱ्यावर काही हलत नाही. म्हणून ती आता त्याला फाटकाबाहेर बोलावते आणि तिथे सांगते.

गेल्या वर्षी माझं मोठं ऑपरेशन झालं आणि काही दिवस मी वाचेन याची खात्री नव्हती. केतकीने त्याला बाहेर बोलावलं आणि सांगितलं. ती म्हणते, बाबा रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसले आणि हमसून हमसून रडले. आता निघू, आईकडे जाऊ, म्हणाले. चप्पल बदलून येतो, म्हणाले. तिने त्यांना हाताला धरून ठेवलं, चप्पल नको, असेच चला म्हणाली. पण ते एकोणऐंशी वर्षांचे आहेत, आणि दुपारचं ऊन होतं.

त्यांनी डोळे पुसले, तिचा हात सोडवला आणि आत गेले.